बाबांच्या खात्यावरचा लिएन आणि आबाजींची डिक्शनरी

दोन वर्षांआधीची, जून महिन्यातली गोष्ट. मृगाचा एक पाऊस पडून गेला होता, सगळं गाव बियाण्याच्या पाकिटांमागे लागलं होतं, आणि बाबा सकाळच्या गाडीनं बँकेत पैसे काढायला गेले ते दुपारी हात हलवत परत आले. चपला काढल्या, माठातलं पाणी प्यायले आणि खाटेवर बसून म्हणाले, "पैसे निघून नाही राहिले. खात्याले लाइन लागली म्हन्ते."

आईला वाटलं बँकेत गर्दी असेल. "मंग थांबायचं होतं नं थोडं."

"गर्दीची लाइन नोहे वो. खात्यालेच लाइन लागली म्हन्ते. पैसे दिसते, पन हात नाही लावता येत."

मी त्यांच्या हातातली चिठ्ठी पाहिली. इंग्रजीत चार अक्षरं होती, लिएन, आणि पुढे रक्कम. आदल्या वर्षीचं पीककर्ज थकलं होतं म्हणून बँकेनं सेव्हिंग खात्यातली तेवढी रक्कम अडकवून ठेवली होती. काउंटरवरच्या पोरानं कॉम्प्युटरमध्ये जे दिसलं तेच वाचून दाखवलं, बाबांनी दोन-तीनदा विचारलं, त्यानं दोन-तीनदा तोच शब्द सांगितला. तीन तास माणूस उभा राहिला आणि आपलं काय झालं हे न समजताच घरी आला. मला त्या दिवशी कर्जापेक्षा याचाच जास्त राग आला. कर्ज थकलं होतं हे तर बाबाही नाकारत नव्हते, पण ज्या शब्दानं तुमचे पैसे अडवले तो शब्द तरी माणसाला समजला पाहिजे की नाही?

मी गावात सातवी ते दहावीच्या पोरांची ट्यूशन घेते, इंग्रजी शिकवते, आणि खरं सांगते, लिएनचा नेमका अर्थ मलाही सांगता आला नाही. मोबाइलवर पाहायच्या आधी माझा हात आबाजींच्या डिक्शनरीकडे गेला. आबाजी म्हणजे माझे आजोबा, हिंगणघाटला कापसाच्या एका जीनात वजनकाट्यावर बाबू होते, आलेल्या प्रत्येक बैलबंडीचं वजन वहीत चढवायचे. त्यांच्या पेटीत ही डिक्शनरी सापडली, जाडजूड, कव्हर नाही, सुरुवातीची बरीच पानं वाळवीनं खाल्लेली, त्यामुळे ती कोणी छापली, केव्हा छापली, काहीच कळत नाही. पण समासात ठिकठिकाणी पेन्सिलीनं आबाजींचं बारीक अक्षर आहे. इंग्रजी शब्दासमोर मराठी अर्थ, आणि तोही पुस्तकी नाही, त्यांच्या कामातला.

लिएन सापडला. फ्रेंचमधून इंग्रजीत आलेला शब्द, मुळाशी लॅटिनमधलं लिगारे, म्हणजे बांधणं. हाडाला हाड बांधून ठेवणारं लिगामेंट असतं ना, तेही याच घरचं. कायद्यात अर्थ असा की देणं फिटेपर्यंत घेणेकऱ्याला देणेकऱ्याची वस्तू अडवून ठेवायचा हक्क. मी हे सगळं बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "म्हंजे दावं लावलं म्हन नं पोरी. गाय आपलीच, दूधही आपलंच, पन खुट्याले बांधली."

मी त्यांच्याकडे पाहतच राहिले. लिगारे म्हणजे बांधणं हे शोधायला मला डिक्शनरी लागली आणि बाबांनी ते दोरखंडासकट समोर ठेवलं.

तेव्हापासून मला हा नादच लागला. जुने इंग्रजी शब्द, कायद्याच्या कागदातले, बाजारातले, कापसाच्या धंद्यातले, जे पोरांच्या पाठ्यपुस्तकात येत नाहीत पण आमच्या पावत्यांवर आणि नोटिसांवर रोज येतात, ते शोधायचे आणि संध्याकाळी बाबांना आणि मोठ्या मायला (माझ्या मोठ्या बाबांच्या, म्हणजे बाबांच्या मोठ्या भावाच्या, बायकोला) वाचून दाखवायचे. आणि दरवेळी हेच दिसलं की यातले कितीतरी शब्द मुळात कोणाच्या तरी शेतातले, गोठ्यातले नाहीतर चरख्याजवळचे आहेत. म्हणून शहरातल्या पोरांपेक्षा ते आमच्या पोरांना लवकर समजायला पाहिजेत. समजत नाहीत, कारण कोणी उलगडून सांगत नाही.

मॉर्गेजच घ्या. गावात प्रत्येकाला माहीत असलेला शब्द, सातबाऱ्यावर बोजा चढला की मॉर्गेज झालं. यातला मॉर्ट म्हणजे मेलेलं आणि गेज म्हणजे तारण. मेलेलं तारण. एडवर्ड कोक नावाच्या मोठ्या इंग्रज कायदेपंडितानं १६२८ साली याचा खुलासा असा दिला की पैसे वेळेवर फेडले नाहीत तर जमीन देणेकऱ्यासाठी मेली, आणि फेडले तर ते तारण सावकारासाठी मेलं. म्हणजे कोणाचं ना कोणाचं तरी मरणारच. हे वाचून दाखवलं तेव्हा बाबा काही बोलले नाहीत, उठून बैलांना पाणी दाखवायला गेले.

आबाजींच्या समासातले दोन शब्द तर मी कधी विसरणार नाही. एक टेअर. धर्मकाट्यावरच्या पावतीवर पाहा, ग्रॉस, टेअर, नेट अशा तीन ओळी असतात. गाडीसकट वजन ते ग्रॉस, रिकाम्या गाडीचं वजन ते टेअर, वजाबाकी करून राहिला तो आपला माल. हा टेअर मुळात अरबीतून आला, तिथे त्याचा अर्थ टाकून दिलेलं, काढून टाकलेलं असा. आबाजींनी त्याच्यासमोर लिहिलंय, "बंडी खाली वजन". तीन शब्दांत विषय संपला. दुसरा शब्द मॉयटी. जुन्या इंग्रजी दस्तात येतो, अर्थ अर्धा हिस्सा, फ्रेंचमध्ये अर्ध्याला म्हणतात त्यावरून. आबाजींचं अक्षर, "बटईतला अर्धा". ज्याला बटईनं, म्हणजे अर्ध्या वाट्यावर, वावर करणं माहीत आहे त्याला मॉयटी वेगळी शिकवायची गरज नाही.

आता फर्लांग. आमच्याकडचे जुने लोक अजून म्हणतात, मारुतीच्या देवळापासून नाला एक फर्लांग आहे. मला वाटायचं हा इंग्रजांच्या सर्व्हेवाल्यांचा काहीतरी ऑफिसातला शब्द असेल. पण तो फरो आणि लाँग हे दोन शब्द मिळून झालाय. फरो म्हणजे नांगरानं पडलेली चर, आपल्याकडचं तास, म्हणजे लांब तास! नांगराचा एक लांब तास, बैलांना दम न देता जेवढा ओढता येईल तेवढा. पुढे त्याचं माप २२० यार्ड ठरलं, म्हणजे २०१ मीटरच्या आसपास, मैलाचा आठवा हिस्सा. आणि एकर म्हणजे एका जोडीनं एका दिवसात नांगरून होईल एवढी जमीन, फर्लांगभर लांब आणि २२ यार्ड रुंद, गुणाकार केला की ४८४० चौरस यार्ड, आजचा एकर तोच. बाबांना हे सांगितलं तर ते लगेच हिशेबाला बसले, कोणती जोडी, जमीन काळी की मुरमाड, फाळ केवढा. "काळ्या जमिनीत एका दिवसात एकर नांगरून होत नाही, त्याहिची जमीन हलकी असंन," असं त्यांचं मत पडलं. इंग्लंडमधल्या कित्येक शतकांआधीच्या नांगऱ्याशी आमचे बाबा वाद घालत बसले होते आणि त्या दिवशी मला खूप आनंद झाला.

कापसाच्या शब्दांकडे यायलाच पाहिजे, कारण आमचा सगळा जन्म त्यातच गेला. जीन. गावातल्या अडाणी म्हाताऱ्यालाही माहीत असलेला शब्द, माल जीनात टाकला, जीन चालू झालं, जीनवाला भाव देऊन नाही राहिला. ट्यूशनमधल्या एका पोरानं मला विचारलं, मॅडम, जीन म्हणजे दारू असते ना? ती दारूची जिन वेगळी, ती जुनिपर नावाच्या झाडाच्या फळांवरून आली. आपलं जीन म्हणजे एंजिनचं शेपूट. एंजिनमधलं पुढचं एं गळालं आणि जिन राहिलं. आणि एंजिन लॅटिन इंजेनियमवरून, त्याचा अर्थ उपजत हुशारी, युक्ती. म्हणजे जीन म्हणजे युक्ती! सरकीपासून रुई वेगळी करायची युक्ती. अमेरिकेत इली व्हिटनीनं १७९३ साली दातेरी जीन बनवलं आणि पुढच्या वर्षी पेटंट घेतलं, पण दोन रुळांमधून कापूस ओढून सरकी मागे पाडायची हाताची चरखी आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधीपासून होती, आणि जुन्या इंग्रजी रिपोर्टांत ती चुरका म्हणून आपल्याच नावानं आहे.

आणि खंडी! हा शब्द सापडला त्या रात्री मला झोप नाही आली. टीव्हीवर आणि मोबाइलवर कापसाच्या बाजाराची बातमी येते त्यात रुईचा भाव प्रति कँडी एवढे हजार असं सांगतात. माझ्या ट्यूशनची पोरं कँडी म्हटलं की चॉकलेट समजतात, आणि मीही बरीच वर्षं हा काहीतरी परदेशी बाजाराचा कोड असेल असं समजून सोडून देत होते. कँडी म्हणजे आपली खंडी. वीस मणाची खंडी, धान मोजायची खंडी, "खंडीभर कामं पडली" म्हणतो ती खंडी. इंग्रज व्यापाऱ्यांनी ती उचलली, मुंबईच्या कापूस बाजारात ७८४ पौंडाची पक्की केली, किलोत ३५५.६२ होतात, आणि आजसुद्धा भारतात रुईचा सौदा याच मापानं होतो. गाठ १७० किलोची, म्हणजे कँडीत दोन गाठी आणि वर थोडं. यूल आणि बर्नेल या दोघांनी केलेला हॉब्सन-जॉब्सन नावाचा कोश १८८६ साली निघाला, भारतातून इंग्रजीत गेलेल्या शब्दांचा, त्यात कँडीपुढे मराठी खंडी सरळ दिलेली आहे. आणि ती गोड कँडी? तीही लांबून आपल्याच घरची निघते, संस्कृत खंड, म्हणजे साखरेचा खडा, तिथून फारसी, अरबी, फ्रेंच करत इंग्रजीत. दोन्ही कँड्या इकडूनच गेल्या, एक मुंगळ्यांच्या कामाची आणि एक शेतकऱ्याच्या कामाची. (क्विंटलचंही असंच, पोरं म्हणतात क्विंट म्हणजे पाच असेल, पण तो लॅटिनमधल्या शंभरावरून अरबी कंतार होऊन फिरून आलाय. शंभर किलोचा क्विंटल, बरोबर बसलं.)

आपल्या गावांचीही नावं इंग्रजीत कापसामुळेच गेली. जुन्या व्यापारी कागदात अमरावतीला ऊमरावुट्टी लिहायचे आणि तिकडून येणाऱ्या वऱ्हाडी कापसाला लिव्हरपूलच्या बाजारात नुसतं ऊमरा म्हणायचे. आमचं हिंगणघाटही त्या यादीत होतं, आणि इथला देशी कापूस चांगल्यातला चांगला म्हणून गाजलेला होता. १८६० च्या दशकात मध्य प्रांत आणि वऱ्हाडसाठी इंग्रजांनी रिव्हेट-कार्नॅक नावाचा खास कापूस आयुक्तच नेमला होता. कारण सरळ होतं, १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस थांबला आणि लँकेशायरच्या गिरण्या उपाशी पडल्या, मग सगळ्यांना आपल्या पऱ्हाटीची आठवण झाली. पण एक शब्द मात्र वाचून मन दुखलं. भारतातून आलेल्या सगळ्या कापसाला तिकडचे गिरणी कामगार सुरत म्हणायचे, कारण पहिल्यांदा तो सुरतेहून जायचा. आपला धागा आखूड, त्यांची मशिनं अमेरिकन लांब धाग्याला लावलेली, वरून मधल्या व्यापाऱ्यांनी घातलेला कचरा आणि माती, त्यामुळे धागा सारखा तुटायचा, आणि कामगाराची मजुरी निघालेल्या मालावर, म्हणून कापली जायची. शेवटी सुरत हा शब्दच तिकडे वाईट, भेसळीच्या मालासाठी वापरायला लागले. त्या कामगारांचा मला राग नाही, ते बिचारे भुकेले होते. पण ज्या बाईनं उन्हात वाकून तो कापूस वेचला तिच्या गावापर्यंत ही शिवी कधी पोचलीच नसेल, आणि कचरा तिनं घातलेला नव्हता.

आजही असंच एका शब्दावर माणसाचं वर्ष अडकतं. एफएक्यू. हमीभावाच्या खरेदीत हा शब्द ठरवतो तुमचा कापूस घ्यायचा की नाही. गेल्या डिसेंबरात आमच्या शेजारच्या काकांची गाडी एका खरेदी केंद्रावरून परत आली. रात्रभर लाइनमध्ये उभी होती, सकाळी ग्रेडरनं मीटर लावलं, ओलावा १४ दाखवला आणि एफएक्यू नाही म्हणून सांगून पुढच्या गाडीकडे गेला. काकांनी घरी येऊन मला विचारलं, "हे येफेक्यू काय भानगड आहे वं बाई?" मी त्यांना कागदावर लिहून दाखवलं. फेअर अ‍ॅव्हरेज क्वालिटी. यातला फेअर म्हणजे गोरा नाही आणि न्यायाचाही नाही. हा कापूस बाजाराचा जुना फेअर आहे, अर्थ बरा, चालण्यासारखा. लिव्हरपूलमध्ये कापसाच्या प्रतीच अशा होत्या, फेअर, मिडलिंग, गुड फेअर वगैरे, आणि अमेरिकेत लोक अजूनही तब्येत कशी आहे विचारलं तर फेअर टू मिडलिंग म्हणतात, म्हणजे आहे आपली बरी. म्हणजे सरकार म्हणतं सर्वसाधारण बरा कापूस आणा, हमीभाव घ्या. त्यात ओलाव्याचा नियम असा की ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, ८ ते १२ मध्ये त्या हिशेबानं कपात, आणि १२ च्या वर घेत नाहीत. एवढं कोणी आधी सांगितलं असतं तर काकांनी दोन दिवस अंगणात ऊन दिलं असतं आणि मग गाडी भरली असती, भाड्याचे पैसे वाचले असते. काका म्हणाले, "बरा म्हनायला एवढा अवघड शब्द कायले ठेवला?" मला उत्तर देता नाही आलं.

मोठी माय पंचाहत्तरीची आहे आणि अजून दुपारी ओसरीवर कापसाचा ढीग घेऊन बसते. वाती करायला चांगला कापूस लागतो म्हणून ती एकेक पाकळी उघडून आतला कचरा काढते, वाळलेल्या पानाचा चुरा, फुटलेल्या सरकीचं टरफल, एखादा काळा ठिपका. चष्मा नाकावर खाली, बोटं मात्र न पाहता चालतात, चिमटीत पकडायचं आणि डाव्या बाजूच्या वाटीत टाकायचं. जिनिंगच्या इंग्रजीत या बारीक कचऱ्याला, खास करून धाग्याला चिकटलेल्या अर्धवट सरकीला, मोट म्हणतात. आपली विहिरीवरची मोट नाही, इंग्रजीतला हा फार जुना शब्द आहे, अर्थ कण. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये एक वचन आहे, भावाच्या डोळ्यातला मोट तुला दिसतो पण स्वतःच्या डोळ्यातलं बीम दिसत नाही. बीम म्हणजे लाकडाची तुळई. मी हे सांगत होते आणि माझं वाक्य पूर्ण व्हायच्या आत मोठी माय म्हणाली, "हे त आपलं कुसळ नि मुसळ झालं." झालंच की. मग तिनं वाटीतलं एक टरफल माझ्या तळहातावर ठेवलं आणि म्हणाली, "हे पाह्य तुयं मोट." नखाएवढंही नव्हतं. त्याला धाग्याचे दोन-चार केस चिकटलेले, फुंकर मारली तर उडेल असं. आता मी वर्गात हा शब्द शिकवते तेव्हा असंच एक टरफल पोरांच्या हातावर ठेवते.

तिनंच मला टीझचा अर्थ समजावला असं म्हणायला हरकत नाही. टीझ म्हणजे आता चिडवणं, पण जुन्या इंग्रजीत तो लोकरीचा शब्द, धागे ओढून ओढून मोकळे करणं, पिंजणं. लोकर पिंजता पिंजता माणसं पिंजायला लागले. आपल्याकडेही तेच नाही का, विषय पिंजून काढला, किती पिंजतो बे एकच गोष्ट! सूतगिरणीत कार्डिंगचं मशीन असतं, तो कार्ड लॅटिनमधल्या काटेरी झाडाच्या नावावरून आलाय, कारण पिंजायला पहिल्यांदा काट्यांचे बोंडच वापरायचे. आणि हेकल, सभेत मधेच उठून पुढाऱ्याला प्रश्न विचारून हैराण करणं, तो मुळात ताग-जवसाचे धागे लोखंडी दात्यांच्या फणीनं विंचरण्याचा शब्द, स्कॉटलंडमध्ये निवडणुकीच्या उमेदवारांना लोक असं विंचरायचे. आमच्या ग्रामसभेत हे काम करणारे दोघं-तिघं आहेत, त्यांना मी हा शब्द सांगितला तर खूश झाले.

क्लू हा शब्द तर पोरांना सगळ्यात जास्त आवडतो. पोलिसांना क्लू मिळाला म्हणतात ना, तो क्लू म्हणजे सुताचा गुंडा. ग्रीक गोष्टीत थिसियस भुलभुलैयात शिरतो तेव्हा हातातला गुंडा उलगडत जातो आणि त्याच सुताला धरून बाहेर येतो, तिथून गुंड्याचा अर्थ शोध लावायला मदत करणारी खूण असा झाला. मी फळ्यावर एवढं लिहिलं आणि मागून एक पोरगी म्हणाली, मॅडम, सुतावरून स्वर्ग! नववीतली पोरगी आहे, आई मजुरीला जाते.

स्पिन्स्टर या शब्दाबद्दल मात्र थोडं थांबते. डिक्शनरीत अर्थ आहे लग्न न झालेली बाई, आणि आता तो टोमण्यासारखा वापरतात. पण मूळ अर्थ सूत कातणारी. इंग्रजीत ते शेवटचं स्टर पूर्वी बायकांच्या कामाला लागायचं, विणणारी ती वेब्स्टर, दारू गाळणारी ती ब्रूस्टर. हातात कला होती, दोन पैसे कमवायची, म्हणून कागदावर नावापुढे काम लिहायचे, पुढे सतराव्या शतकापासून इंग्लंडच्या कायदेशीर कागदांत बिनलग्नाच्या बाईपुढे हाच शब्द लागायला लागला. इंग्लंडच्या लग्नाच्या रजिस्टरमधून तो २००५ साली काढला. काढला ते बरं केलं, पण मला वाटतं शब्द वाईट नव्हता, बाईचं काम विसरून तिचं लग्न तेवढं लोकांनी लक्षात ठेवलं. मोठ्या मायनं लहानपणी शाळेत टकळीवर सूत काढलंय. १९३७ साली वर्ध्यात गांधीजींच्या नई तालीमची, म्हणजे हाताच्या कामातून शिकवायच्या शिक्षणाची, परिषद झाली होती, त्याच्या पुढच्या कितीतरी वर्षांपर्यंत आमच्या भागातल्या शाळांत टकळी होती. मी तिला म्हटलं, इंग्रजीत तुला स्पिन्स्टर म्हणाले असते. तिनं शब्द दोनदा म्हणून पाहिला, तिसऱ्यांदा बरोबर जमला. "चांगला आहे," म्हणाली. मोठे बाबा जाऊन तिला अकरा वर्षं झाली.

बाबांच्या खात्याचं सांगायचं राहिलंच. कर्ज नवंजुनं केलं, त्याला दिवाळी आली, बियाणं तेव्हा शेवटी उसनं आणूनच पेरलं होतं. पण एक गोष्ट झाली. दुसऱ्यांदा बँकेत जाताना बाबांनी माझ्याकडून अर्ज मराठीत लिहून घेतला, त्यात लिएन हा शब्द त्यांनीच घालायला लावला, आणि काउंटरवर जाऊन विचारलं की माझ्या खात्यावरचा लिएन किती रुपयांचा आहे आणि केव्हा सुटेल. त्या पोरानं खुर्ची दिली म्हणे बसायला. लिएन निघाला त्या दिवशी बसस्टँडवरून फोन आला, मागे कंडक्टरची शिट्टी आणि चणे-फुटाणेवाल्याचा आवाज, "सुटलं बाप्पा दावं." मी तेव्हाच पेन्सिल घेतली आणि डिक्शनरीत लिएनच्या समासात, आबाजी लिहायचे तसं बारीक अक्षरात, लिहून ठेवलं, "दावं लावणे. गाय आपलीच."

आता एका शब्दापाशी येऊन मी अडले आहे. वूलगॅदरिंग. अर्थ देतात मन भलतीकडे भटकणं, दिवास्वप्नं पाहणं. पण मूळ काम म्हणजे मेंढ्या झुडपांतून जातात तेव्हा काट्याकुट्यांना अडकून राहिलेली लोकर इकडेतिकडे फिरून गोळा करणं. फिरणं जास्त आणि हाती येणं कमी, म्हणून तो अर्थ आला. आमच्याकडे हे कापसाचं होतं. वेचणीआधीची सीतादहीची पूजा झाली, वेचणी सुरू झाली की बंड्या आणि ट्रॅक्टर जीनाकडे निघतात, आणि पांदणीच्या दोन्ही बाजूंच्या बाभळी कापसानं पांढऱ्या होतात, प्रत्येक काट्यावर एक बोंडभर कापूस. लहानपणी आम्ही शाळेतून येताना तो काढायचो, दप्तरात भरायचो, बोटं रक्तानं भरायची, आणि मोठी माय त्याच्या वाती करून द्यायची. घरी यायला उशीर झाला की आईला कळायचं पोरी कुठे रमल्या. वूलगॅदरिंगच ते. पण या काट्यावरून वेचलेल्या कापसाला आमच्या गावात वेगळा असा शब्द नाही. कवडी म्हणजे किडका कापूस, फरदड म्हणजे शेवटी उरलेल्या पऱ्हाटीचा, हे दोन्ही आहेत, पण बाभळीवरच्या कापसाला नाही. बाबांना विचारलं, मोठ्या मायला विचारलं, पारावरच्या म्हाताऱ्यांनाही विचारून झालं. तुमच्याकडे, यवतमाळ, अकोला, बुलढाणा, कुठेही, त्याला काही म्हणत असतील तर मला नक्की सांगा, समासात जागा ठेवली आहे.